पासे सँप्ल: सगळे तक्ते पाठ करायचे का?

दादर_स्लो

मंडळी, फ्रेंचच्या देल्फ बी-टू परीक्षेची तयारी चालू आहे आणि सोबत मोपासाँच्या कथा मुळातून वाचायला घेतल्या आहेत. बोलताना-लिहिताना पासे कॉंपोझे (‘केलं’) आणि अँपार्फॅ (‘करत होतो’) या भूतकाळांवर भागतं, पण कथेत पानोपानी पासे सँप्ल, म्हणजे पुस्तकी भूतकाळ. नेमक्या अडचणी अशा:

१. मूळ क्रियापदच ओळखू येत नाही. ‘फ्यू’ (एफ-यू-टी) हे ‘ॲत्र’चं (असणे) आणि ‘नाकी’ हे ‘नॅत्र’चं (जन्मणे) रूप, हे कळल्याशिवाय शब्दकोशात शोधणार तरी काय?

२. क्लासमध्ये सांगितलं होतं की पार्तिसिप पासे (पासे कॉंपोझेत लागणारं धातुसाधित) ‘यू’ने संपत असेल तर पासे सँप्लही ‘यू’चा. मग ‘व्हाँद्र’चं (विकणे) पार्तिसिप ‘व्हाँद्यू’ असून पुस्तकात ‘व्हाँदी’ कसं?

३. ‘झ पार्ले’ला शेवटी कधी ए-आय दिसतं, कधी ए-आय-एस. छपाईची चूक की वेगळा काळ?

४. सहा रूपं गुणिले इतकी क्रियापदं, हे सगळं खरंच घोकायचं? परीक्षेत विचारतात का?

(उच्चार देवनागरीत लिहिले आहेत, स्पेलिंग महत्त्वाचं तिथे अक्षरं सुटी केली आहेत. उत्तर देताना तसंच लिहिलंत तर बरं पडेल.)

---

पार्ले_पूर्व

चौथ्यापासून सुरू करतो, म्हणजे जीव हलका होईल. देल्फमध्ये व्याकरणाची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं एवढंच तपासतात. बी-टूच्या लेखनात साधारण २५० शब्दांत मत मांडायचं असतं, बहुतेकदा पत्र किंवा लेख. तिथे पासे सँप्ल घातला तर शाळेच्या मुख्याध्यापकांना केलेल्या अर्जात ‘ते मजप्रत वदते झाले’ असं लिहिल्यासारखं दिसेल. वाचताना ओळखता आला की तुमचं काम झालं.

आणि ओळखण्यासाठी सहा रूपं लागत नाहीत. कथेत नव्वद टक्के काम ‘इल’ (तो), ‘एल’ (ती) आणि त्यांचं अनेकवचन एवढ्यावर चालतं. फ्रान्समध्येही २०१६पासून लागू झालेल्या शालेय अभ्यासक्रमात लहान मुलांकडून तृतीय पुरुषाचीच दोन रूपं पाठ करून घ्यायची असं ठरलं होतं. त्यावर तिकडे बरीच ओरड झाली, पण आपल्यासारख्यांसाठी ते धोरण अगदी रास्त आहे.

आता यंत्रणा. पासे सँप्ल म्हणजे चार स्वर, बाकी सगळी त्यांचीच पिलावळ: आ, ई, यू, अँ. (हा ‘यू’ म्हणजे य अधिक ऊ नव्हे. ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. देवनागरीत दुसरी सोय नाही म्हणून ‘यू’.)

‘आ’चा गट म्हणजे ई-आरने संपणारी सगळी क्रियापदं, एकही अपवाद नाही. ‘आले’ (जाणे) हे वर्तमानकाळात वाट्टेल तसं वागतं, पण इथे तेही गुमान रांगेत. नमुन्याला आमचं पार्लेच (बोलणे) घ्या: झ (मी) पार्ले (ए-आय), त्यू (तू) पार्ला (ए-एस), इल पार्ला (नुसता ए), नू (आम्ही) पार्लाम, व्हू (तुम्ही) पार्लात, इल (ते) पार्लॅर. यात तीन ठिकाणी घसरायला होतं. इल-एलच्या रूपाला शेवटी टी नाही. नू-व्हूच्या ए-वर टोपी (छपरासारखी खूण) हवी. अनेकवचनी ‘पार्लॅर’मध्ये आ नाहीसा होऊन ई हे रोमन अक्षर येतं आणि त्यावरचा ॲक्सेंट डावीकडून उजवीकडे उतरणारा असतो, चढता दिला की चूक.

मराठी कानाला एक सापळा आहे. ‘इल आला’ म्हणजे तो *गेला*. तो आला म्हणायचं तर ‘इल व्हँ’. वाचताना डोळा फसत नाही, पण ऑडिओबुक ऐकताना पहिले दोन दिवस पात्रं उलट्या दिशेने चालत असल्यासारखी वाटतात.

‘ई’चा गट: शेवटी आय-एस, आय-एस, आय-टी, मग टोपीवाले ‘ईम’, ‘ईत’, आणि अनेकवचनी ‘ईर’ (आय-आर-ई-एन-टी). ‘यू’चा गट हुबेहूब तसाच, आयच्या जागी यू. या दोन्ही गटांत एकवचनाची तिन्ही रूपं कानाला एकच वाटतात. त्यातून ‘इल फिनीर’ (त्यांनी संपवलं) आणि मूळ क्रियापद ‘फिनीर’ यांचा उच्चारही एकच. त्यामुळे नुसतं ऐकून पासे सँप्ल शिकायला जाऊ नका, हा डोळ्यांनी शिकायचा काळ आहे.

‘अँ’च्या गटात फक्त व्हनीर, तनीर आणि त्यांचे सोयरे (दव्हनीर, रव्हनीर, ऑब्तनीर वगैरे): इल व्हँ, इल तँ, अनेकवचनी व्हँर, तँर.

मग कोणतं क्रियापद कुठल्या गटात? पार्तिसिपकडे नंतर बघू, आधी क्रियापदाची शेपूट बघा.

आय-आरने संपणारी जवळजवळ सगळी ‘ई’त: फिनी, पार्ती, सॉर्ती, दॉर्मी, उव्ह्री. अपवाद दोन: कुरीर (धावणे) आणि मुरीर (मरणे) यांचं कुर्यू, मुर्यू. व्हनीर-तनीर वर आलेच.

ओ-आय-आरने संपणारी ‘यू’त: साव्ह्वारचं स्यू, पुव्ह्वारचं प्यू, दव्ह्वारचं द्यू, व्हुल्वारचं व्हुल्यू, रसव्ह्वारचं रस्यू. अपवाद व्ह्वार (बघणे), त्याचं व्ही, आणि आस्वार (बसणे), त्याचं आसी.

आर-ईने संपणारी बहुतेक ‘ई’त: व्हाँदी, प्री, मी, दी, री, फी. (हो, ‘मॅत्र’चं ‘मी’ आणि ‘फॅर’चं ‘फी’. फुकट लक्षात राहतात.) पण या गटातून ‘यू’कडे पळालेले बरेच आहेत आणि ते रोज भेटतात: ल्यू (वाचलं), ब्यू (प्यायलं), क्र्यू (वाटलं, विश्वास ठेवला), कॉन्यू (ओळख झाली), पार्यू (दिसलं), प्ल्यू (आवडलं), त्यू (गप्प झालं), व्हेक्यू (जगलं) आणि अर्थात ‘ॲत्र’चं फ्यू. तुमचं ‘नाकी’ ‘ई’तच आहे, फक्त धातू बदललाय. हे एक मुकाट्याने पाठ करा.

‘आव्ह्वार’चं रूप दिसतं ई-यू-टी, उच्चार नुसता ‘यू’. तो ई मुका आहे. ‘अ’ किंवा ‘ओ’ लावून वाचू नका.

तिसरी शंका: छपाईची चूक नाही. ए-आय म्हणजे पासे सँप्ल, ‘मी बोललो’. ए-आय-एस म्हणजे अँपार्फॅ, ‘मी बोलत होतो’ किंवा ‘मी बोलत असे’. काटेकोर उच्चारात पहिलं ‘पार्ले’ आणि दुसरं ‘पार्लॅ’, पण खुद्द फ्रान्समध्येही कितीतरी लोक दोन्ही सारखंच म्हणतात. प्रथमपुरुषी कथा वाचताना त्या एका एसकडे डोळे लावून बसावं लागतं.

---

फाउंटन_फुटपाथ

वरचं बरोबर आहे. पार्तिसिपचा नियम मात्र पार टाकून देऊ नका, त्याची हद्द ओळखा. प्री, मी, दी, स्यू, प्यू, ल्यू, ब्यू, रस्यू, व्हेक्यू या सगळ्यांना तो चालतो. फसतो कुठे ते सांगतो.

पार्तिसिप ‘यू’ पण पासे सँप्ल ‘ई’: व्हाँद्र आणि त्याच चालीची पॅर्द्र, राँद्र, आताँद्र, देसाँद्र, रेपाँद्र. शिवाय बात्र (बाती), रॉंप्र (रॉंपी), कुद्र (कुझी), व्हँक्र (व्हँकी) आणि व्ह्वार (पार्तिसिप व्ह्यू, पण इल व्ही). ही यादी एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा, आठवडाभरात पाठ होते.

पार्तिसिप टीने किंवा एनटीने संपत असेल तर (‘दी’ सोडून) त्याच्यावर विसंबू नका. एक्रीरचं एक्रीव्ही, कॉंद्वीरचं कॉंद्वीझी, क्रँद्रचं क्रॅन्यी, पँद्रचं पॅन्यी, उव्ह्रीरचं उव्ह्री. इथे बहुतेकदा दुसरी युक्ती लागते: वर्तमानकाळाचं ‘नू’चं रूप घ्या, शेवटचं ओ-एन-एस उडवा आणि ‘ई’चे प्रत्यय लावा. नू एक्रीव्हॉं, म्हणून एक्रीव्ही. नू कॉंद्वीझॉं, म्हणून कॉंद्वीझी. नू क्रॅन्यॉं, म्हणून क्रॅन्यी. नू कुझॉं, म्हणून कुझी. ‘इल कॉंद्वी’ असं लिहिलं की तो वर्तमानकाळ झाला. विद्यार्थ्यांच्या वहीत ही चूक हमखास सापडते.

‘आ’च्या गटात स्पेलिंगची एक गंमत पार्ले_पूर्वनी सोडली. कॉमाँसे (सुरू करणे) याच्या सीपुढे आ आला की सीला खाली शेपटी द्यावी लागते, नाहीतर उच्चार ‘कॉमाँका’ होईल. माँझेमध्ये (खाणे) जीनंतर एक जादा ई घालतात, नाहीतर ‘माँगा’ होईल. पण दोन्हींच्या अनेकवचनी रूपात आच नसतो, पुढे ई येतो, म्हणून तिथे शेपटीही नको आणि जादा ईही नको. नियम तोंडपाठ असून लोक इथेच चुकतात, कारण एकवचनात घातलेली शेपटी पुढे काढायला हात धजत नाही.

टोप्यांबद्दल: १९९०च्या स्पेलिंग सुधारणेत आय आणि यू यांच्यावरच्या कितीतरी टोप्या ऐच्छिक झाल्या, पण पासे सँप्लच्या नू-व्हूवरच्या कायम ठेवल्या. तेव्हा ‘आता टोपी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ‘आईर’ (द्वेष करणे) मात्र टोपी घालत नाही, कारण त्याच्या आयवर आधीच दोन टिंबं बसलेली असतात.

---

दादर_स्लो

फार उपयोग झाला, दोघांचेही आभार. शेपटीवरून गट ओळखून काल दोन पानं वाचली, तीनच शब्द अडले. आता हाताला वळण म्हणून चार वाक्यं स्वतः लिहून पाहिली. प्रसंग: पाऊस, दादरला गाडी येते, थांबते, एक बाई उतरते, गर्दी बघते आणि गप्प होते.

‘इल प्ल्यू. ल त्रँ आरिव्हॅ, सारॅता. युन फाम देसाँद्यू, व्ह्वाया ला फुल ए स तॅझा.’

निर्दयपणे तपासा.

---

कालिना_कॅन्टीन

निर्दयपणे म्हणालात म्हणून. सहा क्रियापदांत एकच पूर्ण बरोबर: सारॅता. पण चुका दोन जातींच्या आहेत आणि त्या वेगळ्या करून बघण्यासारख्या आहेत.

रूपाच्या तीन. ‘देसाँद्यू’ नाही, ‘देसाँदी’. फाउंटन_फुटपाथांच्या चिठ्ठीवर ते आहे. ‘व्ह्वाया’ नाही, ‘व्ही’. ‘तॅझा’ नाही, ‘स त्यू’. शेवटच्या दोघांत तुम्ही एकच गोष्ट केलीत: रूप आठवेना तेव्हा ‘आ’ लावून मोकळे झालात. गंमत अशी की फ्रेंच लहान मुलंही अगदी हेच करतात. ‘आ’ हा ई-आरवाल्यांचा खासगी स्वर आहे, बाहेरच्या कुणालाही तो देऊ नका.

काळाच्या दोन, आणि या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. ‘इल प्ल्यू’ हे रूप म्हणून शुद्ध आहे. पण त्याचा अर्थ ‘पाऊस पडला’, पडून संपला. तुम्हाला हवाय बाई उतरते तेव्हा चालू असलेला पाऊस: ‘इल प्लव्हॅ’, अँपार्फॅ. आणि ‘ल त्रँ आरिव्हॅ’ म्हणजे ‘गाडी येत होती’. ती अजून येतेच आहे, तर थांबली कधी? तिथे ‘आरिव्हा’.

तेव्हा: ‘इल प्लव्हॅ. ल त्रँ आरिव्हा, सारॅता. युन फाम देसाँदी, व्ही ला फुल ए स त्यू.’

मराठीत मोठ्याने म्हणून बघा: पाऊस पडत होता. गाडी आली, थांबली. एक बाई उतरली, तिने गर्दी पाहिली आणि ती गप्प झाली. ‘आली, थांबली, उतरली, पाहिली, झाली’ हे मणी एकामागून एक ओवलेत, प्रत्येकाने कथा एक पाऊल पुढे सरकते. तोच पासे सँप्ल. ‘पडत होता’ने कथा सरकत नाही, मागे पडदा टांगला जातो. तो अँपार्फॅ. कसोटी सोपी आहे: वाक्याआधी ‘मग’ घालून बघा. ‘मग गाडी आली’ जमतं. ‘मग पाऊस पडत होता’ जमत नाही.

अँपार्फॅची दुसरी बाजू, म्हणजे सवय, हिला तर मराठीत स्वतंत्र रूपच आहे: तो रोज येई, बसे, चहा पिई. रीतिभूतकाळ. बोलताना आपण ‘यायचा, बसायचा’ म्हणतो, पण पुस्तकात ‘येई’ सहज खपतं. म्हणजे छापील भाषेला वेगळा भूतकाळ असणं आपल्याला नवखं नाही. फक्त आपल्याकडे ते सवयीच्या काळाला झालं आणि फ्रेंचमध्ये घडून गेलेल्या काळाला.

अर्थ बदलणारी चार क्रियापदं मात्र लक्षात ठेवा, कारण इथे शब्दकोश दगा देतो. ‘इल साव्हॅ’ म्हणजे त्याला माहीत होतं. ‘इल स्यू’ म्हणजे त्याला कळलं. ‘इल कॉनॅसॅ’ म्हणजे त्याची ओळख होती. ‘इल कॉन्यू’, ओळख झाली. ‘इल आव्हॅ पर’, त्याला भीती वाटत होती. ‘इल यू पर’, तो घाबरला. ‘एल स तॅझॅ’, ती गप्प होती. ‘एल स त्यू’, गप्प झाली. चारही जोड्यांत मराठी ‘होता’चं ‘झाला’ करते. ‘स फ्यू’ने सुरू होणारी वाक्यंही ‘ते होतं’पेक्षा ‘ते ठरलं’ किंवा ‘ते झालं’ अशी जास्त चांगली लागतात.

बोलण्यातून हा काळ गेला कसा, याची एक कडी मला फार आवडते. १६६०च्या पोर-र्वायाल या फ्रेंच व्याकरणग्रंथात चोवीस तासांचा नियम आहे: आज घडलेल्या गोष्टीला पासे सँप्ल लावायचा नाही, निदान एक रात्र मध्ये गेलेली हवी. आजच्यासाठी पासे कॉंपोझे. पुढे पासे कॉंपोझेने कालचा दिवसही बळकावला, मग परवाचा, आणि पासे सँप्ल पुस्तकात उरला. १९५९मध्ये बाँव्हनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने नेमकी रेषा आखली: बोलणारा ‘मी’ समोर असेल तर पासे कॉंपोझे, घटना जणू आपोआप स्वतःला सांगत असतील तर पासे सँप्ल. म्हणून कामूने १९४२मध्ये ‘लेत्राँझे’ ही जवळजवळ अख्खी कादंबरी पासे कॉंपोझेत लिहिली तेव्हा ती फ्रेंच वाचकाच्या कानाला खटकली. अनुवादात तो खटका बहुधा हरवतो, मराठीत तर दोन्ही ‘गेलो’च.

---

पार्ले_पूर्व

कालिना, ‘मग’ची कसोटी छान आहे. उरलेलं थोडं जोडतो, मोपासाँ वाचताना लागेल.

संवादात क्रियापद आधी आणि कर्ता मागून येतो: ‘दी-तील’, ‘रेपाँदी-तॅल’ (उत्तर दिलं तिने). ‘आ’च्या गटाला टी नसल्यामुळे तो मध्ये उसना आणतात, दोन्ही बाजूंना जोडरेघ देऊन: ‘दमाँदा-तील’ (विचारलं त्याने). ‘ई’ आणि ‘यू’च्या गटांत टी घरचाच आहे, तिथे एकच जोडरेघ. आणि ‘फी-तील’ दिसलं तर ‘त्याने केलं’ असं वाचू नका. संवादानंतर ते नुसतं ‘तो म्हणाला’ असतं.

‘काँ’, ‘लॉर्स्क’, ‘दॅ क’ यांच्यानंतर दोन तुकड्यांचं रूप भेटेल, ‘काँ इल यू फिनी, इल सॉर्ती’: संपवून झाल्यावर तो बाहेर पडला. हा पासे आँतेर्यर. आव्ह्वार किंवा ॲत्र पासे सँप्लमध्ये आणि पुढे पार्तिसिप. वेगळं पाठ करायचं काही नाही, ‘यू’ आणि ‘फ्यू’ आले की हा आलाच.

टोपीचा एक महत्त्वाचा फरक. इलच्या रूपावर टोपी दिसली, म्हणजे एफ-यू-टीमधल्या यूवर, तर तो पासे सँप्ल नाही, सब्जॉंक्तिफचा अँपार्फॅ आहे. उच्चार तोच, अर्थ ‘असता’, ‘असावा’ या अंगाने जातो. पासे सँप्लमध्ये टोपी सहसा फक्त नू आणि व्हूला. सवयीने इलवर टोपी घालणारे तयार फ्रेंच लेखकही सापडतात.

काही रूपांना दोन बाप असतात. ‘इल व्ही’ म्हणजे त्याने पाहिलं (व्ह्वार, पासे सँप्ल) किंवा तो जगतो (व्हीव्र, वर्तमान). ‘इल प्ल्यू’ म्हणजे पाऊस पडला किंवा तो आवडला. ‘इल दी’ आणि ‘इल फिनी’ तर वर्तमानातही तसेच्या तसे. आजूबाजूचं एखादं ‘आ’चं क्रियापद बघा, शेजारी ‘आंत्रा’, ‘रगार्दा’ असेल तर ‘दी’ही भूतकाळच.

---

दादर_स्लो

‘फी-तील’वर मी खरंच अडकले होते, ‘काय केलं याने?’ म्हणून मागची चार वाक्यं उलटून आले. एकच राहिलं: व्ह्वार ‘ई’त जातं, तर पुढे उपसर्ग लागलेलीही ‘ई’तच का? प्रेव्ह्वार, रव्ह्वार, पुर्व्ह्वार?

---

फाउंटन_फुटपाथ

पहिली दोन हो: प्रेव्ही, रव्ही. पुर्व्ह्वार (पुरवणे) नाही, त्याचं पुर्व्ह्यू. अपवादातला अपवाद, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहा. आणि दूध काढण्याच्या ‘त्रॅर’चा, बंद करण्याच्या ‘क्लॉर’चा पासे सँप्ल शोधत बसू नका. त्यांना तो नाहीच. फ्रेंच लेखक तिथे दुसरं क्रियापद घेऊन पुढे जातात, तुम्हीही ‘फॅर्मा’ लिहा.